रक्तक्षय आणि दारूचं व्यसन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"अंगात रक्त कमी आहे" हे आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा बिनदिक्कत सांगितलं जातं. "ह्यांचं पिणं वाढलंय" हे मात्र दार लोटून, आवाज खाली आणून. दवाखान्यात हे दोन्ही आजार एकाच घरातून येतात, आणि पुष्कळदा एकाच माणसातून. खालचे प्रश्न रुग्णांनी विचारलेले आहेत, त्याहून जास्त त्यांच्या बायकांनी आणि आयांनी. उत्तरं वाचून परस्पर गोळ्या सुरू किंवा बंद करू नका. दारू सोडायची असेल तर बारावा प्रश्न आधी वाचा.

१. एक रक्ताचा आजार, एक सवयीचा. दोघांची तुलना कशाला?

सवयीचा हा शब्द इथेच बाजूला ठेवू. दारूचं व्यसन हा मेंदूचा आणि वागण्याचा आजार आहे. त्याला निदानाचे निकष आहेत, औषधं आहेत.

तुलनेचं कारण आकड्यांत दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या, त्याच वयाचे पुरुष २५ टक्के. त्याच सर्वेक्षणात १५ वर्षांवरचे १८.८ टक्के पुरुष दारू पितात असं नोंदलं गेलं, स्त्रिया १.३ टक्के. महाराष्ट्रात पिणारे पुरुष १३.९ टक्के, गोव्यात ३६.९. पिणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो हे खरंच, पण एकीकडे बायका जास्त आणि दुसरीकडे पुरुष जास्त, ही उलटापालट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्यामुळे बाईचं रक्त कमी असलं तर कोणी कारण विचारत नाही, "बायकांचं असतंच तसं". पुरुष पीत असला तर कोणी त्याला आजार म्हणत नाही, "पुरुषांचं चालतंच". दोन्ही आजारांवर उपचार उशिरा सुरू होतात ते या दोन वाक्यांपायी, असं माझं मत आहे.

२. नक्की कधी आजार म्हणायचं?

रक्तक्षयाला सरळ आकडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने पुरुषात हिमोग्लोबिन १३ च्या खाली, गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ च्या खाली आणि गरोदर स्त्रीत ११ च्या (मधल्या तिमाहीत १०.५ च्या) खाली (सगळे ग्रॅम प्रति डेसिलिटर) गेलं की रक्तक्षय. बोटाला सुई टोचली की कळतं.

व्यसनाला असा आकडा नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याचे ११ निकष दिले आहेत. ठरवलं त्यापेक्षा जास्त पिणं, कमी करायचे प्रयत्न फसणं, तलफ येणं, कामाकडे आणि घराकडे दुर्लक्ष होणं, पूर्वीइतक्या दारूने न चढणं, न मिळाल्यास हात थरथरणं, तब्येत बिघडतेय हे कळूनही पीत राहणं वगैरे. गेल्या १२ महिन्यांत यातले दोन जरी लागू झाले तरी आजार आहे असं धरतात. दोन-तीन म्हणजे सौम्य, चार-पाच मध्यम, सहा आणि वर तीव्र.

या यादीत "रोज पितो" असा निकष नाही, "रस्त्यात पडतो" असाही नाही. "मी काही रोज घेत नाही हो, फक्त शनिवारी" म्हणणाऱ्याला चार निकष सहज लागू होऊ शकतात.

३. दोन्हींत थकवाच येतो. मग ओळखायचं कसं?

नुसत्या थकव्यावरून ओळखता येत नाही, डॉक्टरलाही नाही. जिना चढताना धाप लागणं, छातीत धडधड, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, पापणीच्या आतली बाजू आणि नखं पांढुरकी पडणं, ही रक्तक्षयाची नेहमीची लक्षणं. माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटणं ही लोहाच्या कमतरतेची खास खूण. ती सांगायला बायका लाजतात आणि आम्ही विचारायला विसरतो.

दारूचा थकवा जरा वेगळा असतो. झोप लागते, पण पहाटे तीन-चारला मोडते. सकाळी मळमळ, ओकाऱ्या, भूक मेलेली, हात कापतात, घाम फुटतो. एक घोट पोटात गेला की सगळं शांत होतं. हा शेवटचा भाग महत्त्वाचा: सकाळच्या घोटाने बरं वाटत असेल तर तो थकवा नुसत्या रक्ताचा नाही.

४. दारूने रक्त कमी होतं म्हणजे नेमकं काय होतं?

एकाच वाटेने झालं असतं तर उपचार सोपा होता. वाटा पुष्कळ आहेत.

पहिली, पोटातून रक्त झिरपणं. दारूने जठराच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण चिघळतात आणि थोडं थोडं रक्त जात राहतं. रुग्णाला पत्ताही नसतो. यकृत आक्रसून कडक झालं असेल (सिरॉसिस) तर अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्या फुटल्या तर भळाभळा रक्ताची उलटी होते आणि तासाभरात जीव धोक्यात येतो.

दुसरी वाट फोलेटची. हे जीवनसत्त्व पालेभाज्या, डाळी, कडधान्यांतून मिळतं. पिणाऱ्याचं जेवण आधीच तुटलेलं असतं, शेंगदाणे आणि फरसाण एवढ्यावरच रात्र निघते. त्यात दारू आतड्यातलं फोलेटचं शोषण कमी करते आणि लघवीवाटे ते जास्त बाहेर घालवते. फोलेट नसेल तर लाल पेशी नीट विभागत नाहीत. आकाराने मोठ्या होतात आणि संख्येने घटतात.

तिसरी, थेट अस्थिमज्जेवर घाव. लाल पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात आणि दारू तिथल्या तरुण पेशींना विषासारखी लागते. काहींच्या मज्जेत लोह असतं, पण ते हिमोग्लोबिनमध्ये बसवता येत नाही. ते पेशीच्या केंद्रकाभोवती अंगठीसारखं साचून राहतं. म्हणजे कोठार भरलेलं आणि चूल थंड.

चौथी, पाणथरी (प्लीहा). यकृत बिघडलं की पाणथरी फुगते आणि चांगल्या रक्तपेशीही अडवून ठेवते. मग लाल, पांढऱ्या आणि प्लेटलेट तिन्ही कमी दिसतात. डेंग्यूच्या मोसमात अशा माणसाच्या प्लेटलेट पाहून घरचे पपईच्या पानांचा रस काढायला धावतात, आणि मूळ कारण तसंच राहतं.

यापैकी दोन-तीन वाटा एकाच माणसात एकदम चालू असू शकतात. म्हणून "दारूने झालेला रक्तक्षय" असं एकच औषध असलेलं प्रकरण नाही.

५. रिपोर्टमध्ये एमसीव्ही १०६ आलाय. डॉक्टरांनी लगेच विचारलं, "घेता का?" त्यांना कसं कळलं?

एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. साधारण ८० ते १०० फेम्टोलिटर ठीक मानतात. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, आकडा ८० च्या खाली जातो. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांत तो शंभराच्या वर जातो, आणि हिमोग्लोबिन उत्तम असतानाही जातो. रिपोर्टच्या या कोपऱ्याकडे सहसा कोणी बघत नाही.

पण आकडा वाढला म्हणजे माणूस पितोच, असं अजिबात नाही. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता भरपूर आढळते, तिच्यातही पेशी मोठ्या होतात. थायरॉइड मंदावलं तरी होतात, काही औषधांनीही. आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या, एकादशा करणाऱ्या आजींना केवळ एमसीव्हीवरून "काही घेता का" विचारल्यावर काय होतं ते मी पाहिलंय. बी-१२ तपासायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

उलटी गफलतही होते. एखाद्याचं पोटातून रक्त जातंय म्हणून लोह कमी, आणि जेवण नाही म्हणून फोलेटही कमी. लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी मधोमध येते आणि एमसीव्ही ९० दिसतो. अशा वेळी आरडीडब्ल्यू नावाचा आकडा वाढलेला असतो, तो पेशींच्या आकारातली तफावत सांगतो.

६. माझं हिमोग्लोबिन १५ आहे. म्हणजे दारूने मला काही झालेलं नाही ना?

असा अर्थ काढता येत नाही. व्यसन तीव्र असून हिमोग्लोबिन छान असलेले कितीतरी लोक असतात.

७. रक्त कमी आहे तर मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणून सुरू करू का?

पाळी जास्त जाणारी, दारू न पिणारी तरुणी असेल तर बहुतेक वेळा लोहच कमी असतं आणि डॉक्टरही तेच देतात. नेहमी पिणाऱ्या माणसाने मात्र तपासल्याशिवाय लोह घेऊ नये.

कारण असं. आतड्यातून किती लोह आत घ्यायचं हे हेप्सिडिन नावाचं संप्रेरक ठरवतं. ते यकृतात तयार होतं. दारूने त्याचं प्रमाण घटतं, मग गरज नसताना लोह आत येत राहतं आणि यकृतात साचतं. दारूने आधीच जखमी झालेल्या यकृताला हे साचलेलं लोह आणखी जाळतं. म्हणजे एका पिणाऱ्यात रक्तस्रावामुळे लोह कमी, तर दुसऱ्यात जास्त. बाहेरून दोघंही फिकट आणि थकलेले.

फेरिटिन या तपासणीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. ते साठ्यातलं लोह दाखवतं, पण यकृताला सूज असली की उगीच वाढतं. फेरिटिन कमी असेल तर लोह नक्की कमी. नॉर्मल किंवा जास्त असेल तर पुढचा विचार डॉक्टरांवर सोडा.

असंच फॉलिक ॲसिडचं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, नसांचं नुकसान मात्र आतून चालू राहतं. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, याचं खापर मग दारूवर फोडून सगळे मोकळे होतात.

८. संडास काळी होतेय. गोळीमुळे की रक्त जातंय?

या पानावरचा हा फार कामाचा प्रश्न. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट किंवा हिरवट-काळी होते. बांधीव असते, वास नेहमीसारखाच. घाबरायचं कारण नाही.

जठरातून रक्त जात असेल तर शौच डांबरासारखी होते: चिकट, चकचकीत, पाणी ओतून न जाणारी, आणि इतकी घाण वासाची की घरात कळतं. सोबत चक्कर, घाम, थंड हातपाय असतील तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तरी तेच. पिणाऱ्या माणसाने "गोळ्यांमुळेच असेल" असं स्वतः ठरवू नये.

९. पुरुषाचं रक्त कमी निघालं तर डॉक्टर दुर्बीण घालायला का सांगतात?

पुरुषाला पाळी नाही, बाळंतपण नाही. लोह कमी निघालं तर ते कुठून तरी गळतंय असं धरून शोधावं लागतं, आणि बहुतेकदा ते पोटातून किंवा आतड्यातून गळतं. दारूने आलेला व्रण असेल, मूळव्याध असेल, कधी आतड्याचा कर्करोगही. "दारू पितो ना, म्हणून रक्त कमी" म्हणून हात झटकले तर हे शेवटचं कारण सुटून जातं. पिणाऱ्याला इतर आजार होत नाहीत असं थोडंच आहे.

१०. रेड वाईनने रक्त वाढतं का? आणि बीट, गूळ, लोहासव?

वाईनने वाढत नाही. लाल रंगावरून जमलेली ही समजूत आहे, बिटाचंही थोडं तसंच. बीट खावं, फोलेटसाठी चांगलं आहे, पण लोह त्यात बेताचंच. त्यापेक्षा अळीव, डाळी, हिरव्या पालेभाज्या बऱ्या, वर लिंबू पिळून. क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. मटण आणि कलेजीतलं लोह सगळ्यांत सहज लागू पडतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर लोहाचं शोषण घटतं, तासभर थांबा. गुळात लोह असतं, पण शेंगदाण्याच्या दोन चिक्क्यांनी ८ चं हिमोग्लोबिन १२ होत नाही.

लोहासव हा नाजूक मुद्दा आहे. पांडुरोगावर आयुर्वेदात वापरलं जाणारं हे औषध आंबवून बनतं. सगळ्या आसवांत आणि अरिष्टांत आंबण्यातून आपोआप मद्यार्क तयार होतो. बाटलीवरच्या लेबलवर तसं छापलेलंही असतं. एरवी चमचा-दोन चमच्यांनी काही बिघडत नाही. पण ज्याने दारू सोडली आहे त्याला, आणि डायसल्फिराम (दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी गोळी, प्रश्न १४ पाहा) चालू असलेल्याला तर मुळीच, हे देऊ नये. रक्त वाढावं म्हणून आईने प्रेमाने दिलेल्या औषधाने मुलगा घसरायला नको. वैद्यांना आधी सांगा, त्यांच्याकडे मद्यार्क नसलेले पर्याय असतात.

११. उलटं होतं का? रक्त कमी असल्यामुळे दारू लागते का?

रक्तक्षयामुळे व्यसन लागतं असं म्हणता येणार नाही. पण ओझी उचलणारा, उसाच्या फडात राबणारा माणूस "अंग दुखतं म्हणून घेतो" म्हणतो तेव्हा त्याला खोटारडं ठरवू नका. दमलेल्या शरीराला दारू तासभर बरं वाटायला लावते. त्याचं रक्त खरंच कमी असेल आणि ते भरून आलं, तर पिण्याचं निदान एक निमित्त तरी कमी होतं.

१२. उद्यापासून एकदम बंद करायचं ठरवलंय. चालेल ना?

निश्चय चांगला आहे, पण रोज भरपूर पीत असाल तर एकट्याने, घरात, एकदम बंद करू नका. दोन आजारांतला हा मोठा फरक आहे. लोहाच्या गोळ्या चुकल्या तर हिमोग्लोबिन सावकाश उतरतं. दारू अचानक तुटली तर जीव जाऊ शकतो.

शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते बारा तासांत हात थरथरणं, घाम, धडधड, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही जणांना भ्रम होतो: वेळ-जागेचं भान जातं, भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणं चालतं, ताप चढतो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार नसतील तर यात माणसं दगावतात.

वॉर्डात हे नाटक ठरल्यासारखं घडतं. कोणी पाय मोडून दाखल होतो, कोणी रक्त चढवायला. घरचे पिण्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. तिसऱ्या रात्री रुग्ण सलाइन उपटून बरळायला लागतो. मग कोणी म्हणतं वेड लागलं, कोणी म्हणतं बाहेरचं आहे, लिंबू-मिरची येते. दाखल होतानाच "रोज दोन क्वार्टर घेतात, शेवटची काल रात्री आठला" एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर पहिल्या दिवसापासून औषध सुरू झालं असतं. ते सांगण्याचं आणखी एक कारण: पिणाऱ्यांत थायमिन म्हणजे बी-१ कमी असतं. ते न देता ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

देखरेखीखाली दारू सोडवताना आठवडाभर शांत करणारी औषधं हळूहळू उतरवत देतात. ती डॉक्टरांशिवाय घेऊ नयेत, त्यांचीही सवय लागते.

१३. बरं व्हायला किती दिवस?

लोहाची कमतरता असेल आणि गोळ्या लागू पडल्या तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने चढतं. नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला आणखी तीन महिने गोळ्या लागतात. नेमक्या तिथेच लोक त्या सोडतात, कारण बरं वाटायला लागलेलं असतं.

दारू थांबल्यावर प्लेटलेट आठवड्याभरात वर येऊ लागतात. एमसीव्ही खाली यायला दोन ते चार महिने जातात, कारण लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि जुन्या मोठ्या पेशी संपल्याशिवाय सरासरी बदलत नाही. झोप आणि चिडचिड यांना काही महिने द्या. तलफ वर्षानेही येऊ शकते, पगाराच्या दिवशी, जुन्या मित्राच्या हळदीत.

रक्ताची बाटली चढवली म्हणजे यातलं काही झटपट होतं असं नाही. एका बाटलीने हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वाढतं. गळती किंवा दारू चालू राहिली तर ते पुन्हा जातं.

१४. ह्यांना न सांगता भाजीत गोळी कालवली तर? शेजारच्या वहिनींनी तसंच केलं.

नका करू, ताई. हे विचारणाऱ्या बाईची अवस्था मला कळते, तिच्यापुढचे सगळे उपाय संपलेले असतात. पण ती गोळी बहुधा डायसल्फिराम असते. तिच्यावर दारू पडली की चेहरा लालबुंद होतो, ओकाऱ्या, धडधड, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल किंवा आधीच रक्त फार कमी असेल तर मृत्यूही येऊ शकतो. गोळी बंद केल्यावर साधारण दोन आठवडे हा धोका राहतो. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा पिऊन येणार. हे औषध रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने, यकृत तपासून दिलं तर उपयोगी आहे.

एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिरात असते त्या "नकळत दारू सोडवा" पावडरींत काय असतं ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, बॅक्लोफेन अशी तलफ कमी करणारी औषधं आज आहेत. कोणतं कोणाला, हे यकृत आणि मूत्रपिंड बघून मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात.

१५. पितात ते, आणि रक्त माझं कमी. असं का?

हा प्रश्न एका बाईंनी हसत विचारला होता, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. मजुरीतला मोठा वाटा गुत्त्यावर गेला की घरात पहिल्यांदा काय कमी होतं? दूध, अंडी, डाळ. आणि उरलेलं कोण खातं? सगळ्यांना वाढून झाल्यावर तीच. जिच्या शरीरातून दर महिन्याला लोह जातं तिलाच ताटात सगळ्यांत कमी. त्यात नवरा पिऊन आला की रात्रीचं जेवण ताटातच राहतं. नवऱ्याची दारू आणि बायकोला होणारी मारहाण यांचा संबंध कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांतही पुन्हा पुन्हा दिसला आहे.

तेव्हा तुमच्या हिमोग्लोबिनचे दोन उपचार आहेत. एक तुमचा: लोह, फॉलिक ॲसिड, जंताची गोळी, पाळी जास्त जात असेल तर तिची तपासणी. दुसरा त्यांचा. पहिला दुसऱ्यासाठी थांबवू नका. ते सोडोत न सोडोत, तुमच्या गोळ्या चालू ठेवा आणि आधी जेवा.

पिणाऱ्या बायकाही असतात, त्या दवाखान्यात आणखी उशिरा येतात. तेवढ्याच दारूने स्त्रीचं यकृत पुरुषापेक्षा लवकर बिघडतं.

१६. गरोदरपणात?

दारूची सुरक्षित मात्रा गरोदरपणात नाही, एक घोटही नको. लोहाची लाल गोळी रोज एक, निदान १८० दिवस (६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड), सरकारी केंद्रात फुकट मिळते. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर रुग्णालयातच उपचार. बाळंतिणीला "ऊब" म्हणून ब्रँडी पाजण्याची काही घरांतली रीतही बंद करा, ती दुधातून बाळाला जाते.

१७. आमच्याकडे सिकल सेल आहे. काही वेगळं?

गडचिरोली, नंदुरबार आणि विदर्भातल्या बऱ्याच भागांत हा प्रश्न येतो. सिकल सेल जन्मजात आहे, लोहाने बरा होत नाही. वारंवार रक्त चढवलेल्यांत तर लोह आधीच जास्त असू शकतं. दारूने शरीरातलं पाणी कमी होतं आणि पाणी कमी झालं की विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकून वेदनांचा झटका येऊ शकतो. थोडी मोहाची घेतली तर काय होतं, याचं उत्तर म्हणून हे लक्षात ठेवा.

१८. डॉक्टरांना किती सांगू? बहुतेक जण निम्मंच सांगतात ना?

सांगतात, आणि डॉक्टरही मनात दुप्पट करतात. हा पोरखेळ थांबवायचा तर पेग मोजू नका, बाटली सांगा. विदेशी दारूची क्वार्टर म्हणजे १८० मिली. ४२.८ टक्क्यांनी तिच्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे ३० मिलीचे सहा पेग. ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे ४० ग्रॅम. "मी फक्त बिअर घेतो, दोनच" म्हणणारा क्वार्टरवाल्याच्या पुढे असतो. हातभट्टीचं माप कुणालाच माहीत नसतं, तिथे ग्लास किती आणि किती दिवस ते सांगा.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार दारूशी निगडित मानसिक आजारही त्या कायद्यात येतात आणि उपचारांची माहिती गुप्त राखणं हा रुग्णाचा हक्क आहे.

१९. जायचं कुठे?

रक्तासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र पुरेसं आहे. तिथे हिमोग्लोबिन तपासून गोळ्या मिळतात. आशाताईंना विचारलं तरी चालेल.

दारूसाठी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा वैद्यकीय महाविद्यालय. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. तिथे दाखल होऊन उपचार होतात, घरच्यांशीही बोलतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारा गट) मराठी सभा अनेक गावांत भरतात, फी नसते, आडनाव विचारत नाहीत. बायका-मुलांसाठी अल्-अनॉन. मारून, डांबून "सुधारणाऱ्या" केंद्रांपासून दूर राहा. दाखल करण्याआधी डॉक्टर कोण, भेटू देतात का, आणि दारू एकदम तोडताना औषध देतात का, हे तीन प्रश्न विचारा.

२०. दारू सोडून वर्ष झालं, हिमोग्लोबिन १४ आहे. आता सणावाराला एखादा पेग चालेल?

रक्त भरून आलं, साठा भरला, गळती बंद झाली की लोहाच्या गोळ्या थांबवता येतात. पुढे सहा महिन्यांनी एकदा तपासलं की झालं. व्यसनाचा साठा असा कुठे भरून दिसत नाही आणि रिपोर्टमधला १४ चा आकडा त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. ज्यांचं व्यसन तीव्र होतं त्यांच्यातले बहुतेक जण एका पेगवर थांबू शकत नाहीत. हे त्यांनीच सभेत उभं राहून सांगितलेलं आहे, कितव्यांदा तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागल्यावर. सणाला घरी पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी समुपदेशकाला फोन करा, आणि कोकम सरबत जरा जास्त करून ठेवा.